मठात संताच्या अवशेषांचे दर्शन: कागदापासून कपाटापर्यंत

अवशेषाच्या डबीत काचेमागे तांदळाच्या कणीएवढा जो ठिपका दिसतो, तो एका माणसाच्या देहाचा अंश असतो. बाप्तिस्म्याने पवित्र झालेला, पवित्र आत्म्याचे मंदिर बनलेला आणि शेवटच्या दिवशी पुन्हा उठणार असलेला देह. अवशेष कुठे ठेवावा, कोणी उचलावा, त्याच्यापुढे किती वाकावे, तो विकायला बंदी का, या सगळ्याचे मूळ इथे आहे. हे मनात पक्के असले तर पुढचे निम्मे नियम न सांगता कळतात. हे सुटले की अवशेषाचा ताईत तरी होतो, नाहीतर कपाटातली शोभेची वस्तू. उपासना एका देवाची, संतांना मान आणि विनंती, ही रेघ दुसऱ्या नायसिया परिषदेने ७८७ मध्ये आणि ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये आखून दिली आहे. मठातल्या नव्या उमेदवारांना आधी तेवढे समजावून द्यावे आणि मगच डबी हातात द्यावी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले मठ आणि कॉन्व्हेंट बहुतेक लहान. मोजक्या सिस्टर, छोटे चॅपल, एरवी शांतता. पण आश्रयदात्या संताचा सण आला की बेळगावच्या कॅम्पातून, खानापूरच्या खेड्यांतून, पलीकडे चंदगडकडून माणसे येतात. कोकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात आणि आलेल्यांत ख्रिस्ती नसलेले शेजारीही असतात. खालची सगळी माहिती असा मठ डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे.

आधी कागद

अवशेष सुपिरियरने, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरने, लेखी मागायचा असतो, सोबत बिशपांचे शिफारसपत्र जोडून. पत्र त्या संताचे प्रकरण, म्हणजे संतपदाची चौकशी, सांभाळणाऱ्या पोस्टुलेटरकडे किंवा संत ज्या संन्यासी संघाचा होता त्या संघाच्या मुख्यालयाकडे जाते. दर्शन लोकांसाठी खुले असेल की फक्त समुदायासाठी, अवशेष कुठे ठेवणार, किल्ली कोणाकडे राहील, हे पत्रात स्पष्ट लिहावे. मोघम पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. अवशेषाला किंमत नसते. कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ११९० व्या कलमाने विक्रीला साफ मनाई केली आहे. डबीचा आणि टपालाचा खर्च देता येतो, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. कोणी दर सांगितला की बोलणे तिथेच थांबवावे. इंटरनेटवर लिलावाला लागलेला अवशेष 'सोडवून आणू' म्हणून विकत घेणारा भाविकसुद्धा त्याच बाजाराला पैसे पुरवतो. असे काही दिसले तर बिशप हाऊसला कळवावे.

डबी आली की आधी तपासणी. डबी साधारण तीन ते पाच सेंटिमीटरची, गोल किंवा लंबगोल, पितळेची किंवा चांदीची असते. समोर काच, आत रेशमी कापडावर चिकटवलेला अंश, त्याखाली लॅटिन अक्षरांची बारीक पट्टी. 'एक्स ऑसिबुस' म्हणजे हाडातून, 'एक्स कार्ने' म्हणजे मांसातून, 'एक्स कॅपिलिस' म्हणजे केसांतून, 'एक्स इंदुमेंतिस' म्हणजे कपड्यांतून. आता डबी उलटी करा. मागच्या झाकणावर लाल रेशमी दोरा आडवा-उभा बांधलेला असतो आणि त्याची टोके लाल लाखेच्या मोहोरेत दाबलेली असतात. सोबत ऑथेंटिका नावाचा दाखला येतो. त्यावर संताचे नाव, अंशाचा प्रकार, डबीचे वर्णन, तारीख, सही आणि शिक्का असतो. दाखल्यावरचा शिक्का आणि लाखेवरचा ठसा भिंगाखाली जुळवून पाहावा. नाव जुळते पण डबीचे वर्णन जुळत नाही, दाखल्यात लंबगोल चांदीची लिहिली आहे आणि हातात गोल पितळेची आहे, असे झाले तर दाखला दुसऱ्याच डबीचा असण्याची शक्यता असते. त्याचा खुलासा होईपर्यंत ती डबी दर्शनाला काढू नये.

दोरा तुटलेला किंवा मोहोर फुटलेली असेल तर आतला अंश खरा असला तरी त्याची खात्री गेली. घरी लाख वितळवून मोहोर पुन्हा बसवण्याचा मोह होतो, तो टाळा. तसे केल्याने उरलासुरला पुरावाही पुसला जातो. डबी जशी आहे तशी दाखल्यासह बिशपांकडे न्यावी. उघडणे, पाहणे, नव्याने मोहोर लावणे आणि नवा दाखला देणे हे त्यांनी नेमलेल्या माणसाचे काम आहे.

संतांच्या प्रकरणांसाठीच्या व्हॅटिकनच्या खात्याने ८ डिसेंबर २०१७ च्या सूचनापत्रात अवशेषांचे दोन प्रकार केले आहेत. संपूर्ण देह, देहाचे मोठे भाग किंवा दहनानंतरची सगळी राख हे महत्त्वाचे अवशेष. बारीक अंश आणि संताने वापरलेल्या वस्तू हे दुसऱ्या प्रकारातले. मठात येतात ते जवळजवळ नेहमी दुसरे. जुन्या पद्धतीत तीन श्रेणी मोजत: देह, वापरलेली वस्तू आणि अवशेषाला स्पर्श करवलेली वस्तू. लोकांच्या बोलण्यात त्याच अजून आहेत. तिसऱ्या श्रेणीचे कापडाचे तुकडे वाटायला हरकत नाही, पण त्यावर किंमत लावू नये आणि त्याला 'रेलिक' एवढेच नाव देऊन वाटू नये. घेणाऱ्याला ते हाड वाटते, आणि पुढच्या पिढीपर्यंत त्याचे खरोखर हाड झालेले असते.

कोणाचे दर्शन लोकांसाठी खुले ठेवता येते

संत म्हणून घोषित झालेल्यांचे कुठेही. धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित झालेल्यांचे सार्वजनिक वंदन त्यांच्या ठरलेल्या धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या प्रदेशात, किंवा संघात, इतरत्र परवानगीने. देवाचे सेवक आणि व्हेनरेबल म्हटले जाणारे, म्हणजे त्याहून आधीच्या पायऱ्यांवरचे, यांचे अवशेष वेदीजवळ मांडता येत नाहीत, त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावून धूप देता येत नाही. आपल्याकडे हा प्रश्न वारंवार उभा राहतो, कारण गोव्यातल्या पिलारचे फादर आग्नेल या पट्ट्यातल्या घराघरात पूजनीय आहेत. त्यांना १९८६ मध्ये व्हेनरेबल घोषित केले गेले. त्यांच्या समाधीजवळ खाजगी प्रार्थना करायला कोणाची हरकत नाही, पण त्यांच्या वापरातली वस्तू मठात असेल तर ती खोलीत आदराने जपावी, चॅपलमध्ये दर्शनाला ठेवू नये. भक्ती कमी लेखण्याचा यात हेतू नाही. चर्चच्या निर्णयाआधी सार्वजनिक वंदन झाले तर त्यांच्याच प्रकरणात अडथळा येतो. संत जोसेफ वाझ यांचे प्रकरण वेगळे. १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत ते संत घोषित झाले, त्यांचा अवशेष निःशंक मांडावा.

जागा आणि मांडणी

सर्वांत जास्त चूक इथे होते. अवशेषपात्र, म्हणजे डबी बसवून दर्शनाला ठेवायचे पात्र, वेदीवर ठेवू नये. वेदीचा माथा प्रभूच्या शरीर-रक्तासाठी राखलेला आहे, आणि लोकभक्तीविषयीच्या २००१ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिले आहे. वेदीखाली अवशेष पुरण्याची जुनी रीत आहे, पण ती वेदी अर्पण करतेवेळी, आणि अंश मानवी देहाचा म्हणून ओळखू येईल एवढा मोठा असेल तरच. डबीतला ठिपका वेदीत बसवून उपयोग नाही.

त्यासाठी वेगळे टेबल घ्या. उंची ९० ते १०० सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाला नीट दिसते आणि लहान मुलाला कडेवर घेऊन दाखवता येते. जागा वेदीच्या बाजूला, तबर्नाकलच्या (पवित्र भाकर ठेवण्याच्या पेटीच्या) समोर येणार नाही अशी. आराधनेसाठी साक्रामेंत, म्हणजे ती पवित्र भाकर, उघडे असताना अवशेष बाहेर ठेवू नये, डबी आधी आत न्यावी. टेबलावर पांढरे धुतलेले सुती कापड, दोन मेणबत्त्या, थोडी ताजी फुले. संत हुतात्मा असेल तर पात्राखालची छोटी पट्टी लाल, नाहीतर पांढरी.

पात्र वरून जड आणि खालून हलके असते. रांगेतल्या एका धक्क्याने ते कोलमडते आणि लाखेची मोहोर जमिनीवर आपटते. बैठकीखाली मधमाशीच्या मेणाचे चार छोटे गोळे दाबून बसवले की पात्र घट्ट राहते आणि नंतर हाताने सुटते. मेणबत्त्या पात्रापासून किमान ३० सेंटिमीटर लांब. आच लागून लाख मऊ पडते आणि ठसा पसरतो, आणि हे मागच्या बाजूला घडत असल्याने कोणाला कळतही नाही. प्रकाशासाठी छोटा एलईडी पुरे. हॅलोजन नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर टेबल लावू नका, दुपारच्या उन्हात डबीतल्या कापडाचा रंग उडतो.

फुले पात्राभोवती ठेवा, पात्रावर हार घालू नका. शेवंतीच्या दांड्यातून पाणी गळते, झेंडूचा पिवळा डाग पितळेच्या नक्षीतून निघत नाही. आणि दानपेटी दर्शनाच्या रांगेत कधीही नको, ती दाराशी ठेवा. अवशेषाला हात लावून लगेच पेटीत हात घालणारा माणूस नकळत किंमत चुकवत असतो, आणि ते आपणच शिकवलेले असते.

सणाच्या दिवशीचा क्रम

मठाच्या आश्रयदात्याचा सण महोत्सव, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सण, म्हणून पाळला जातो, म्हणून त्याची सायंप्रार्थना आदल्या संध्याकाळीच सुरू होते. अवशेष त्याआधी बाहेर यायला हवा. नुसता स्मृतिदिन असेल तर सकाळच्या प्रार्थनेपूर्वी काढावा. स्मृतिदिन रविवारी आला तर त्या वर्षी रविवारच श्रेष्ठ.

सॅक्रिस्टन सिस्टरने, म्हणजे चॅपलचे साहित्य सांभाळणारीने, आदल्या दुपारी डबी कपाटातून काढून त्याच खोलीत तासभर तशीच ठेवावी. थंड कपाटातून एकदम उबदार, गर्दीच्या चॅपलमध्ये नेली की काचेवर दव धरते. हात धुऊन, पुसून, डबी कापडाने धरावी. घामातल्या मिठाने चांदी आणि पितळ काळवंडते.

मिरवणूक चॅपलपुरती असली तरी क्रम पाळावा: क्रूस, दोन मेणबत्त्या, धूप, मग सिस्टर दोन-दोन, आणि शेवटी अवशेष घेतलेले फादर. फादर नसतील तर सुपिरियरने न्यावा. सिस्टरांमध्ये धाकट्या पुढे, ज्येष्ठ मागे. ज्येष्ठपणा वयावर मोजत नाहीत, मठात प्रवेश केव्हा झाला त्यावर मोजतात. संत बेनेडिक्टच्या नियमाच्या ६३ व्या अध्यायात हेच सांगितले आहे. वाटेत लितनी, म्हणजे संतांची नावे घेऊन म्हणायची प्रार्थना, म्हणावी. प्रत्येक नावाला उत्तर 'आम्हासाठी विनंती कर'. कोकणी आणि कन्नड भाविक मोठ्या संख्येने असतील तर लितनी एकाच भाषेत ठेवून भक्तिगीते वाटून घ्यावीत. एकाच लितनीत तीन भाषा आल्या की उत्तरे अडखळतात.

मिस्साच्या (प्रभुभोजनाच्या उपासनेच्या) सुरुवातीला आधी वेदीला धूप द्यायचा आणि त्यानंतर अवशेषाला. धूपदानाचे झोके दोन, तीन नव्हेत. तीन झोके साक्रामेंत, पवित्र क्रूसाचा अवशेष, सुवार्ता ग्रंथ अशांसाठी. अवशेषाला धूप फक्त सुरुवातीला, अर्पणाच्या वेळी पुन्हा नाही. मिस्सात त्या संताचे नाव उच्चारले की डोके झुकवायचे, एवढी साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी विसरली गेली आहे आणि ती पुन्हा रुजवण्यासारखी आहे. अवशेषापुढे कमरेतून वाकावे. गुडघा टेकून वंदन साक्रामेंतासाठी ठेवावे. चॅपलमध्ये दोन्ही असताना लोक आधी अवशेषाकडे धावतात. दाराशी उभ्या सिस्टरने हळूच सांगावे की आधी तबर्नाकलला वंदन, मग इकडे.

धुपाचा निखारा टेबलापासून मीटरभर लांब राहू द्या. आपोआप पेटणाऱ्या कोळशाच्या ठिणग्या सुरुवातीला उडतात, म्हणून कोळसा बाहेर पेटवून त्यावर राख धरली की मगच आत आणावा. बाजारात ऊद आणि लोबान दोन्ही मिळतात. भेसळीचा लोबान काळा, तिखट धूर करतो आणि काचेवर चिकट थर बसवतो. एक खडा आधी घरी जाळून पाहा.

दर्शन मिस्सा पूर्ण संपल्यावर सुरू करावे. प्रभुभोजनानंतरची शांतता मोडून रांग लावणे बरे दिसत नाही. आधी समुदाय, मग बाकीचे. सिस्टर बाहेर येत नाहीत असा बंदिस्त मठ असेल तर फादर डबी जाळीपाशी नेतात आणि सिस्टर आतून एकेक येतात. रांगेचा हिशेब आधी करून ठेवा. एका माणसाला आठ सेकंद धरले तर तीनशे माणसांना चाळीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ फादरांना हातात डबी धरून उभे राहता येत नाही. पन्नासेक माणसांनंतर दुसऱ्या पाद्रींनी किंवा डिकननी धरावी, किंवा पात्र टेबलावर ठेवून शेजारी एक सिस्टर उभी राहावी. म्हाताऱ्यांना रांगेत उभे करू नका. बाकावर बसवून डबी त्यांच्यापर्यंत न्या.

चुंबन की स्पर्श

युरोपातली रीत चुंबनाची. आपल्याकडे हात लावून तो डोळ्यांना लावणे अधिक आतून येते, आणि त्याला आधार आहे. भारतातील उपासनेसाठी रोमने २५ एप्रिल १९६९ ला मान्य केलेल्या बारा मुद्द्यांत, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी बोटांनी किंवा तळव्याने स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येतो, असे स्पष्ट आहे. पादत्राणे काढणे, अंजली, पंचांग प्रणाम, आरती हेही त्याच यादीत आहे. बिशपांची संमती असेल तिथे हे सगळे मोकळेपणाने वापरावे. फुले, धूप, दीप अशी आरती अवशेषापुढे शोभते. फक्त दिव्यात कापूर नको, त्याच्या काजळीने काच धुरकटते. तेलाची वात पुरते.

चुंबन ठेवायचेच असेल तर प्रत्येकामागे काच पुसावी लागते. त्यासाठी मऊ मलमलीचे कोरडे कापड, दर दहा माणसांनी नवी घडी. स्पिरिट किंवा सॅनिटायझर ओतून पुसू नका. काच आणि धातू यांच्यामधल्या फटीतून द्रव आत झिरपतो आणि आतले रेशीम, डिंक, अंश सगळे ओले होते. हा बिघाड दिसायला आठवडे लागतात. आधी कडेला पिवळट वलय, मग बुरशीचे पांढरे ठिपके. पुसायचेच तर कापड नखभर ओलसर करून फक्त काचेच्या मध्यावर फिरवावे. साथीच्या दिवसांत चुंबन बंद ठेवून लांबून नमस्कार घ्यावा, त्याने वंदनात काही उणे होत नाही.

जपमाळ, रुमाल, आजाऱ्याचा फोटो काचेला लावून देण्याची विनंती होते. हलकेच टेकवून द्यावे, घासू नये. नाणी आणि किल्ल्या लावू देऊ नका, काचेवर ओरखडे पडतात. हळदकुंकू, तेल आणि नारळ घेऊन येणारे शेजारी आपल्या रीतीने मान द्यायला आलेले असतात. त्यांच्यावर खेकसणे हे पाप आहे. टेबलाच्या अलीकडे एक पितळी ताट ठेवा, फुले त्यात वाहू द्या, नारळ दाराशी स्वीकारून सणाच्या जेवणाला वापरा, आणि हळदकुंकू पात्राला का लावत नाही ते एका वाक्यात सांगा: हा एका माणसाचा देह आहे, आम्ही त्याला जसा आहे तसा जपतो. हे वाक्य मराठीत आणि कन्नडात सारख्याच मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून लावले तर दिवसभराचे समजावणे निम्मे होते.

नवस बोलायला आलेल्याशी सिस्टरने दोन मिनिटे बसून बोलावे. संत देवाकडे विनंती करतो, देणारा देव आहे. 'इतके दिलेत तर इतके मिळेल' असा सौदा इथे होत नाही. विनंतीच्या चिठ्ठ्यांसाठी वेगळी पेटी ठेवा, तिला कुलूप लावा, आणि त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत न वाचता एकत्र अर्पण करा. चिठ्ठ्यांत घरातली दुःखे असतात, त्या रात्रीच जाळाव्यात.

आजाऱ्यांकडे आणि मठाबाहेर

आजारी आणि मरणासन्न माणसाकडे अवशेष नेण्याची परवानगी त्या २००१ च्या मार्गदर्शिकेतच आहे. मूळ पात्र नेऊ नका, नुसती डबी छोट्या कुपीत ठेवून गळ्यात किंवा हातात घेऊन जावे. घरी पांढऱ्या कापडावर ठेवावी, सुवार्तेतला छोटा उतारा, प्रभूची प्रार्थना, संताची विनंती एवढे पुरे. डबी आजाऱ्याच्या उशीखाली रात्रभर ठेवून येऊ नये. औषध बंद करा असे कोणी सुचवू नये, कुटुंबात तशी चर्चा सुरू झाली तर ती तिथेच थांबवावी. आणि फादरांना निरोप द्यावा, कारण अशा वेळी आजाऱ्याला आधी कबुलीजबाब, तैलाभ्यंग आणि प्रभुभोजन मिळायला हवे.

दुसऱ्या मठात किंवा गावात न्यायचा असेल तर बिशपांची लेखी संमती घ्यावी. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर एक गोष्ट नजरेतून सुटते. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. शिनोळी ओलांडून चंदगडात शिरलो की कोल्हापूर जिल्हा, आणि तो २००५ मध्ये झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या प्रवासाला दोन बिशपांची संमती. प्रवासात डबी फोमच्या खाचेत, लाखेची बाजू वर करून बसवावी, पेटी मांडीवर घ्यावी, डिकीत नको. चोर्ल्याच्या घाटात रस्ता खराब असला की हादऱ्याने जुनी, कडक झालेली लाख तडकते. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत पेटी सोडून चहाला उतरू नका. दाखल्याची मूळ प्रत मठात, झेरॉक्स सोबत.

पावसाळा आणि कपाट

कणकुंबी, खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतो. अवशेष बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कोनाड्यात ठेवला असेल तर मे महिन्यातच हलवावा. उत्तम जागा म्हणजे आतल्या भिंतीचे लाकडी कपाट, जमिनीपासून वर, दोन किल्ल्यांचे, एक सुपिरियरकडे आणि एक सॅक्रिस्टनकडे. आत घट्ट झाकणाची पेटी, पेटीत छोटे आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ टक्के राहिला पाहिजे. दहा लिटरच्या पेटीला ७५ ते १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घालावे. निळे दाणे गुलाबी झाले की सुमारे १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. गरज नसताना जेलचा मारा करू नका. फार कोरड्या हवेत हाड आणि डिंक आकसतात आणि अंश कापडावरून सुटतो. डबी हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली तर हेच झाले आहे. डबी आडवी ठेवून बिशप हाऊसला कळवा.

पात्र घासायला चिंच, लिंबू, पावडर वापरू नका. समईला जे चालते ते इथे चालत नाही. मुलामा असेल तर तो निघतो, आणि सांध्यात राहिलेली आंबट ओल पावसाळ्यात हिरवा गंज आणते. डबी काढून घेतल्यानंतर पात्र कोरड्या सुती कापडाने पुसावे, नक्षीत मऊ रंगकामाचा ब्रश फिरवावा. वर्षातून एकदा एवढे पुरते. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत. कसर आणि वाळवीवर उपाय म्हणजे दर महिन्याला कपाट उघडून रिकामे करून पाहणे. कसरीला दाखल्याचा कागद फार आवडतो. तो प्लास्टिकच्या घट्ट पाकिटात दमटपणा धरतो, म्हणून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावा, आणि स्कॅन केलेली प्रत बिशप हाऊसला द्यावी.

एक नोंदवही असावी. प्रत्येक वेळी अवशेष बाहेर काढला की तारीख, कारण, कोणी काढला, मोहोर कशी दिसली, परत कधी ठेवला. दोन सह्या. सुपिरियर बदलते तेव्हा जुन्या आणि नव्या दोघींनी मिळून मोहोर तपासून सह्या कराव्यात. अवशेष हरवल्याच्या तक्रारी बहुतेक अशा बदलीच्या वेळीच उठतात.

घराघरातल्या डब्या

गोव्याहून आलेल्या जुन्या कुटुंबांत आजीच्या पेटीत एखादी डबी निघते आणि ती मठात आणून दिली जाते. नाकारू नये, पण पावती देताना 'दाखल्याविना' असे लिहावे. अशी डबी लोकांच्या दर्शनाला मांडता येत नाही. आदराने बंद ठेवावी आणि पट्टी, ठसा, मागची बाजू यांचे स्पष्ट फोटो काढून बिशपांकडे पाठवावेत. ठसा वाचता आला तर कधीकधी मूळ देणाऱ्याचा माग लागतो. कुटुंबाने बदल्यात देणगी मागितली तर द्यायची नाही, त्यांच्यासाठी मिस्सा मात्र अवश्य अर्पण करायचा.

अंश पूर्ण विरून गेला, कापडाला बुरशीने खाल्ले, तर डबी कचऱ्यात किंवा नदीत टाकू नये. पुरायची की राखून ठेवायची हे बिशप ठरवतील. मठच बंद होणार असेल तर अवशेष सिस्टरांच्या सामानाबरोबर परस्पर दुसऱ्या घरी जात नाही. मोठे आणि लोकांच्या विशेष श्रद्धेचे अवशेष कायमचे हलवायला कलम ११९० प्रमाणे रोमची परवानगी लागते. बाकीच्यांसाठी बिशपांना यादी द्यावी, नोंदवही आणि दाखले त्यासोबत जोडावेत, आणि डबी कोणी ताब्यात घेतली त्याची सही घेऊनच कपाटाची किल्ली परत करावी.